डीजे नावाचा माणूस

आमच्या भागात डीजे टेम्पोतून येतो. "डीजे कधी येणार?" असं कुणी विचारलं तर तो कुठल्या मुलाबद्दल विचारत नसतो. चार बेस, चार टॉप, जनरेटर आणि शार्पी लाइट यांच्याबद्दल विचारत असतो. डीजे लावतात, डीजे बंद करतात, आणि "पोलिसांनी डीजे उचलला" याचा अर्थ स्पीकर जप्त झाले. त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरासाठी वेगळा शब्द आहे, ऑपरेटर. जेसीबीचा असतो तसा.

मूळ शब्द डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे घोड्यावरचा स्वार. कर्जत-खालापूरच्या हळदीत आता तबकडीही नसते आणि स्वारही नसतो. दोघं कधीच निघून गेले, त्यांची आद्याक्षरं तेवढी भिंतीला चिकटून राहिली. घाटावर तर याहून मजा आहे. तिकडे बऱ्याच ठिकाणी या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बीने 1965 मध्ये कंपनी काढली आणि तिचं पहिलं काम होतं टेपवरची खरखर कमी करणं. नको तो आवाज घालवायला निघालेल्या माणसाचं नाव आपण गावातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाला दिलं.

एरवी अशा गमतीवर हसून मी पुढे गेलो असतो. पण वर्षभर मी घरी एक स्वस्तातली डीजे सिस्टीम जमवतोय. खऱ्या टर्नटेबलवर हाताने चालणारी, पण गाणी लॅपटॉपमधली वाजवणारी. ती जोडता जोडता हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. आवाजाच्या मागे माणूस असतो म्हणजे नेमकं काय असतं? नुसतं कुणीतरी तिथे बसलेलं असणं पुरेसं आहे का? आणि माणूस नसेल, तर त्या आवाजाबद्दल बोलायचं कुणाशी?

*

लग्नातल्या आवाजाला आमच्याकडे पूर्वी चेहरा होता. आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्याने लग्नाचे विधी पुढे सरकतात. तिला थांबवता येतं, "आजी, जरा आटपा" म्हणता येतं, तिच्याशी वादही घालता येतो. खालुबाजाचं तसंच. सनई फुंकणाऱ्याचा दम लागला की वाजप थांबायचं, मग पाणी, मग विडी, मग परत सुरू. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे शेवटी कुणाच्या तरी छातीत किती हवा मावते यावर ठरायचं.

मग लाउडस्पीकर आला. झाडाला किंवा मंडपाच्या खांबाला कर्णा बांधायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलावर रेकॉर्डप्लेअर घेऊन लाउडस्पीकरवाला बसायचा. शेजारी तबकड्यांची पेटी. पोरं त्याच्याभोवती घोळका करायची, हे लाव, ते लाव. तो लावायचा किंवा नाही लावायचा. माझ्या हिशेबाने तालुक्यातला पहिला डीजे तोच. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत टर्नटेबल चालवले आणि हिप-हॉपचा जन्म लोक तिथून मोजतात. कर्णा आणि पेटी घेऊन बसणाऱ्या आमच्या माणसाचा जन्म कुणी कुठूनच मोजला नाही. पण दोघांत एक गोष्ट सारखी होती. गाणं संपलं की पुढचं लावायला त्यांना हात उचलावा लागायचा.

जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. कर्ण्याचा आवाजही लोकांना छळायचाच. मला एवढंच दिसतं, की त्या काळात छळणारा माणूस टेबलापाशी सापडायचा.

*

आता सेटअप. कल्पना ऐकायला जरा विचित्र आहे. टर्नटेबलवर तबकडी फिरते, तिच्यावर सुई असते, तबकडी हाताने थांबवता येते, मागे ओढता येते. पण तिच्यात गाणं नसतं. ती सरळ स्पीकरला जोडली तर एक सलग, कानाला टोचणारी शिट्टी ऐकू येते. ही शिट्टी साउंडकार्डमधून लॅपटॉपमध्ये जाते आणि सॉफ्टवेअर तिच्यावरून तीन गोष्टी ओळखतं. शिट्टीची पट्टी चढली की उतरली, यावरून तबकडीचा वेग. डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या लाटांपैकी कोणती पुढे आहे, यावरून दिशा. आणि लाटांच्या कमी-जास्त उंचीत लपवलेल्या शून्य-एकच्या रांगेवरून सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे ती जागा.

या रांगेवर माझ्यातला इंजिनियर फिदा आहे. सेरातोच्या तबकडीवर शिट्टी 1000 हर्ट्झची असते, म्हणजे नेहमीच्या वेगाने सेकंदाला 1000 बिट. रांग अशी रचलेली असते की सलग 20 बिटांचा कोणताही तुकडा त्या बाजूवर पुन्हा कुठेच येत नाही. तुम्ही सुई कुठेही टेकवा, 20 बिट वाचले की आपण कुठे आहोत ते कळायला तत्त्वतः तेवढं पुरतं. मैलाचे दगड मोजत बसायला नको, रस्त्याचा कुठलाही हातभर तुकडा पाहिला की गाव कळतं.

ही युक्ती बाजारात येऊन दोन दशकं उलटली. सुरुवातीला नेदरलँड्समधून 'फायनल स्क्रॅच' आलं, 2004 मध्ये न्यूझीलंडच्या सेरातोने 'स्क्रॅच लाइव्ह' आणलं. ही सगळी महागडी प्रकरणं. माझ्यासारख्यासाठी 'मिक्स' आहे, नावात तीन एक्स असलेलं. फुकट, सोर्स कोड खुला, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून चालणारं. त्याच्यात एकाच टर्नटेबलने दोन्ही डेक आळीपाळीने चालवायची सोय आहे, म्हणजे दुसरं टर्नटेबल घेण्याइतके पैसे साठेपर्यंत काम अडत नाही.

पैसे वाचवताना कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, ते हळूहळू कळतं. टर्नटेबल डायरेक्ट ड्राइव्हच हवं. पट्ट्यावर फिरणाऱ्या स्वस्त प्लेअरची तबकडी हाताने धरून सोडली की तिला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तोवर ताल निघून गेलेला असतो. टेक्निक्सचं एसएल-1200 हे 1972 मध्ये आलं, 1979 मध्ये त्याची मार्क-टू आवृत्ती आली, आणि जगभरचे डीजे पुढे त्यालाच प्रमाण मानू लागले. ते सेकंडहँडसुद्धा परवडत नाही. मी कमी नावाच्या कंपनीचं, जुनं पण डायरेक्ट ड्राइव्ह घेतलं. साउंडकार्डला दोन इनपुट आणि चार आउटपुट लागतात: दोन आउटपुट लोकांसाठी, दोन आपल्या हेडफोनसाठी. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, त्याला फोनो प्रीअँप लागतो, आणि टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार जोडली नाही तर 50 हर्ट्झची घरघर सुरू होते. स्लिपमॅट विकत घेतला नाही. टेलरिंगच्या सामानाच्या दुकानातून जाड फेल्ट आणलं, ताटली ठेवून गोल कापलं आणि त्याखाली गुळगुळीत बटर पेपर घातला. कंपन खाऊन टाकायला टर्नटेबलखाली शहाबादी लादी आणि लादीखाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब.

राहिली लेटन्सी, म्हणजे हात हलला आणि आवाज बदलला यांच्यामधला उशीर. बफर 256 सॅम्पलचा ठेवला तर त्याचे जवळजवळ 6 मिलिसेकंद होतात. कार्ड आणि ड्रायव्हरचा उशीर धरून 10 मिलिसेकंदांपर्यंत जाऊ. आवाज हवेतून 10 मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आत-बाहेर जातो. म्हणजे स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखं. तेवढं हाताला चालतं. त्याच्या तिप्पट-चौपट झालं की हाताला वाटतं, आपण दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं ओढतोय.

*

इथपर्यंत ऐकून ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "म्हणजे तू शिट्टीची तबकडी फिरवतोस आणि गाणं लॅपटॉपच वाजवतो. मग सिंकचं बटण दाब ना. नाटक कशाला?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिंक दाबलं की सॉफ्टवेअर दोन गाण्यांचे ठोके स्वतः जुळवतं. हाताने तेच करायचं तर हेडफोनच्या एका कानात पुढचं गाणं, दुसऱ्या कानात चालू असलेलं, पिचचा दांडा केसभर वर-खाली, बोटाने तबकडीला हलका धक्का, परत ऐकणं. ऐकणाऱ्याला दोन्हीचा निकाल सारखाच. किंबहुना माझा निकाल सिंकपेक्षा वाईट. मग सोपं असताना अवघड निवडणं ही हौस की ढोंग?

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या अशा अर्थाची केली आहे, की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून ओढवून घेणं आणि ते पार करायचा प्रयत्न करणं. चेंडू भोकात घालायचाच असेल तर हातात धरून चालत जाऊन टाकता येतो. काठीने मारायचा हा नियम आपण मुद्दाम स्वीकारतो, कारण त्याशिवाय गोल्फ उरतच नाही. या हिशेबाने माझं टर्नटेबल हा एक खेळ आहे. कुणाला त्रास नाही, कुणी अडवायचं कारण नाही.

मित्राला मी हेच उत्तर दिलं आणि ते त्याला पटलं. मला अर्धंच पटलं. खेळात मी हरलो तर मी हरतो. लग्नाच्या अंगणात मी काय वाजवतो आणि किती मोठ्याने, याचा परिणाम माझ्यापुरता राहत नाही. तिथे खेळाचं उत्तर पुरत नाही.

*

दुसरं उत्तर मला हातानेच शिकवलं.

कर्जत स्टेशनवर वर जाणाऱ्या गाड्या बोरघाट चढण्यासाठी थांबतात आणि मागून बँकर इंजिनं लागतात. घाटाचा चढ 37 ला 1. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि दोन्हीकडच्या चालकांना सगळा घाट एकमेकांशी जुळवून घेत चढावा लागतो. एकदा जुळलं म्हणून सोडून देता येत नाही. हाताने ताल जुळवणं मला तसंच वाटतं. जुन्या कोळीगीतांच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी माणसाने वाजवलेली असते, तिचा वेग मधेच किंचित चढतो, किंचित पडतो. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत वेग एकच राहील असं धरून चालणारं सिंक इथे घसरतं. हाताला मात्र सतत ऐकत राहून अर्ध्या-अर्ध्या बोटाने दुरुस्ती करता येते. ऐकणं थांबलं की पाच-सहा ठोक्यांत दोन गाणी एकमेकांवर आदळतात, आणि सगळ्यांना कळतं. हाताने वाजवण्याची अट एवढीच आहे, की कान तिथून हलवता येत नाही.

मिक्समध्ये तबकडी चालवण्याच्या तीन पद्धती आहेत. ॲबसोल्यूटमध्ये सुई तबकडीवर जिथे असेल, गाणं तिथे असतं. रिलेटिव्हमध्ये फक्त वेग आणि दिशा बघतात. तिसरी कॉन्स्टंट. तिच्यात शेवटचा स्थिर वेग कळला की सॉफ्टवेअर तोच धरून बसतं. तुम्ही सुई उचलली तरी गाणं चालूच राहतं. सुई घसरली, धूळ आली, तर गाणं बंद पडू नये म्हणून ही सोय फार उपयोगाची आहे.

आणि एकदा पावसाळ्यात वीज गेली, तेव्हा पहिल्या पद्धतीचा अर्थ मला नीट कळला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, साउंडकार्ड लॅपटॉपच्याच विजेवर, कानात हेडफोन. टर्नटेबलची मोटर मात्र बंद. तबकडी हळूहळू मंदावत गेली आणि तिच्याबरोबर लॅपटॉपमधलं गाणंही. बाईचा आवाज पुरुषाचा झाला, पुरुषाचा खर्ज झाला, आणि मग सगळं थांबलं. लॅपटॉपकडे गाणं वाजवायला लागणारं सगळं शिल्लक होतं. तरी तो थांबला, कारण ज्याच्या हुकुमाने तो वाजत होता ते थांबलं होतं.

आमच्या स्पीकरच्या भिंती मला कॉन्स्टंट मोडवर वाटतात. सुई कधीचीच उचलली गेली आहे आणि गाणं चालूच आहे.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. आम्ही अशा सिस्टीम लिहितो, ज्या एकदा सुरू केल्या की कुणी बघत नसतानाही निर्णय देत राहतात. मग कुठल्यातरी काउंटरवर एखाद्या बाईचा अर्ज नाकारला जातो, आणि काचेपलीकडचा माणूस म्हणतो, "ताई, मी नाही हो केलं, सिस्टीममधूनच तसं आलंय." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या हातात खरंच काही नसतं. 'सिस्टीम' आणि 'डीजे' या दोन शब्दांचं आपण एकच करून ठेवलंय. करणाऱ्याचं नाव काढून घेतलं आणि जागेवर यंत्राचं नाव ठेवलं.

*

नात्यातल्या एका हळदीत मी माझा सेटअप नेला. छोटं अंगण, दोन स्पीकर, एक टर्नटेबल, लादी आणि ट्यूबसकट. नाचाच्या पायांनी आणि बेसने सुई हलायला लागली की सिग्नल फाटतो, त्यामुळे आवाज एका मर्यादेपलीकडे नेताच येत नव्हता. सनईवाल्याच्या छातीसारखी माझ्याही वाजपाला सीमा होती, ती सुईने आखलेली.

साडेनऊच्या सुमाराला पलीकडच्या घरातली एक म्हातारी आली. नाचणाऱ्यांच्या कडेकडेने वाट काढत सरळ टेबलापाशी. म्हणाली, "बाला, जरा बारीक कर. आमची बालंतीन हाय घरान." मी आवाज कमी केला. ती क्षणभर उभी राहिली, फिरणाऱ्या तबकडीकडे बघितलं आणि म्हणाली, "गानी भारी लावतंस पन." आणि गेली.

घडलं ते एवढंच. यात मी काही मोठं केलं नाही. कुणीही कमी केला असता. मला विचार करायला लावलं ते तिच्या चालण्याने. तिला कुणाकडे जायचं ते माहीत होतं. एक माणूस उभा आहे, त्याचा हात तबकडीवर आहे, त्याचा हात हलतो तसं गाणं हलतंय, म्हणजे हा वाजवतोय. आठ स्पीकरच्या भिंतीसमोर ती कुणाकडे गेली असती? भिंतीमागच्या काळोखात शिरून, जनरेटरला वळसा घालून, शार्पीच्या उजेडात डोळे मिचकावत? आणि तिथे पोचलीच असती तर तो पोरगा काय म्हणाला असता?

तो म्हणाला असता, "आजी, पार्टीला विचारा." पार्टी म्हणजे ज्याने पैसे दिले तो. पार्टी म्हणाली असती, "पोरं नाचतायत, आता कसं सांगू?" पोरं म्हणाली असती, "डीजेवाल्याला सांगा ना." ही साखळी मी अनेकदा ऐकली आहे. यातला प्रत्येक जण आपापल्या परीने खरं बोलतो, आणि गोल फिरून प्रश्न म्हातारीकडेच परत येतो.

*

इथे कुणीही म्हणेल, टर्नटेबल आलं म्हणून माणूस चांगला होतो का? नाही होत. हाताने उत्तम वाजवणारा डीजे रात्री दोन वाजता अख्खं गाव जागं ठेवू शकतो, आणि पेन ड्राइव्ह लावणारा ऑपरेटर स्वतःहून आवाज कमी करू शकतो. तबकडीतून सद्गुण वाहत येत नाहीत. हाताने वाजवणाऱ्याकडून एक गोष्ट मात्र काढून घेतली जाते: सबब. "माझ्या हातात काय आहे?" असं त्याला म्हणता येत नाही, कारण त्याच्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसतंय.

कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक सणावाराचे 15 दिवस राज्य सरकारला ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या विषयावर सविस्तर निकालही दिला. आणि डेसिबलचं गणित असं, की आकडा 10 ने वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा 10 पट झाली. 55 आणि 95 यांत फरक दिसायला चाळीसचा, ऊर्जेत 10,000 पटींचा. पण मीटर घेऊन पोलीस येतो तो रात्र अर्धी झाल्यावर. म्हातारी साडेनऊलाच येते. नियमाच्या आधी शेजार असतो, आणि शेजारधर्माला समोर माणूस लागतो.

दुसरी अडचण जास्त टोचणारी आहे. समजा आपण भिंतीमागच्या पोराला ओढून पुढे आणलं आणि म्हटलं, तू डीजे, आता जबाबदार तू. हा न्याय होईल का? तो रोजाने आलेला. स्पीकर मालकाचे, टेम्पो मालकाचा, पैसे पार्टीचे, नाच पाव्हण्यांचा. आवाज कमी केला तर पार्टी पैसे कापणार, नाही केला तर पोलिसांची पहिली थप्पड त्यालाच. आमच्या डोंगराच्या कडेने जिथे तिथे फार्महाउस झाली आहेत. शनिवारी रात्री तिथला बेस वाडीवरच्या पत्र्यांना ऐकू येतो. वाडीतला माणूस तक्रार घेऊन गेला तर त्याला कोण भेटतो? गेटवरचा वॉचमन. बऱ्याचदा तोही शेजारच्याच वाडीतला. तोही एक ऑपरेटरच. बोलायला माणूस आहे, पण त्याचा हात कुठल्याच तबकडीवर नाही.

म्हणून "माणूस पुढे आणा" एवढं म्हणून भागत नाही. अधिकार न देता दिलेली जबाबदारी म्हणजे बळीचा बकरा शोधणं. माझ्या रिकाम्या तबकडीकडे बघताना मला हा उलटा हिशेब दिसतो. तिच्यात गाण्याचा एक सूर नाही, पण गाणं पूर्णपणे तिच्या ताब्यात आहे. त्या पोराकडे हजारो गाणी आहेत, आणि ताबा कशाचाच नाही.

*

मग करायचं काय? प्रत्येक हळदीत टर्नटेबल आणा, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तबकडीला बुरशी येते, सुई नाजूक, मांडायला तासभर जातो, आणि हजार माणसांच्या वरातीत चालत्या टेम्पोवर सुई टिकणारच नाही. हा सेटअप मला एक गोष्ट दाखवून गेला, ती बाकी कुठल्याही साधनाने करता येईल: जो वाजवतो तो दिसला पाहिजे, आणि आवाजाचा दांडा त्याच्याच हातात राहिला पाहिजे.

याला फार खर्च नाही. टेबल भिंतीच्या मागे न लावता पुढे, उजेडात लावायचं. सुपारी देतानाच पार्टीसमोर ठरवायचं, की आवाज किती हे वाजवणारा ठरवेल आणि त्याने कमी केला म्हणून त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. आजूबाजूच्या चार घरांना आधी सांगायचं, की काही असेल तर या पोराला येऊन सांगा, आणि त्या पोराचं नाव सांगायचं. धवले सुरू झाले की धवलारणीसाठी गाणं थांबवायचं हेही त्यानेच बघायचं. दहा वाजता बंद करायचं काम त्याचं, आणि त्याच्या मागे उभं राहायचं काम आपलं.

मी आता ओळखीपाळखीत कुणी "डीजे सांगितलाय" म्हणालं की एक प्रश्न विचारतो: "वाजवणार कोण?" बहुतेक वेळा समोरचा बेस-टॉपचा आकडा सांगतो. मी परत विचारतो. मग तो थांबतो, फोन काढतो आणि नाव विचारायला टेम्पोवाल्याला फोन लावतो.